नळाला बांधलेली तार

माझी ताई स्वयंपाकघरातल्या नळाचा शॉक लागून गेली. बिल्डिंगने खापर वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या गीझरवर फोडलं, आणि मी, उभं आयुष्य विजेच्या कामात घालवलेला माणूस, तिथे उभा राहून मान डोलावली. चूक माझी होती. एवढंच ताईच्या मुलीला, माझ्या भाचीला, सांगायचं होतं. त्याला मला आठ महिने लागले.

माझं दुकान ठाकुर्लीला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. आधी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर होते, मग मिक्सर आले, मग इन्व्हर्टर, आता एलईडी टीव्ही आणि इंडक्शनच्या शेगड्या. शिवाय घरगुती वायरिंगची कामं करतो. मी तोंडाळ माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. दुकानात कुणी चप्पल काढून मिक्सरचं बटण दाबायला गेलं की मी खेकसतो, "आधी चप्पल घाला हो!" ओल्या हाताने प्लग उपटणाऱ्यांना मी चारचौघांत झापलेलं आहे. एका रिटायर्ड मास्तरांना तर असा बोललो होतो की ते परत फिरकलेच नाहीत. मला त्याचं काही वाटायचं नाही. जिवंत तर आहेत ना, मग रागावू देत.

मी स्वतः नियमाने वागायचो. उघडा सेट चालू करून बघायचा असेल तर डावा हात खिशात. एका हाताने शिरलेला करंट दुसऱ्या हाताने बाहेर पडायला बघतो आणि मधे छाती असते. अंगठी, घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये. सेट बंद केला तरी कपॅसिटरमध्ये करंट दबा धरून बसतो, तो रिकामा केल्याशिवाय बोट घालायचं नाही. टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून बघायचा, मग बंद पॉइंटला, मग परत चालूला. कारण टेस्टरही मरतो, आणि मेलेला टेस्टर सगळीकडे बंदच दाखवतो. थोडक्यात काय, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. माझ्या हाताखाली जे जे शिकले त्यांना मी हे वाक्य इतकं ऐकवलंय की ते माझी नक्कल करायचे.

आणि तरी मला एक खोड होती. फोनवर रोग ओळखायची. पंखा घुर्र करतो म्हटलं की मी सांगणार, बेअरिंग. टीव्हीला आवाज आहे पण चित्र नाही, बॅकलाइट. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, मग लोक कौतुक करायचे, मग मी अजून फुगायचो. सगळ्यात जास्त कौतुक ताईला. "आमचा भाऊ नुसत्या आवाजावरून सांगतो," असं ती भाजीवालीलासुद्धा सांगायची.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई आमची लवकर गेली. कोकणातून वडिलांबरोबर आलो तेव्हा मी चौथीत होतो आणि घर ताईच्या हातात होतं. मी शाळेत धड नव्हतो. वडील म्हणायचे, कंपनीत चिकटवून टाकू. ताईनेच हट्ट धरला की ह्याचा हात चालतो, ह्याला वायरमनचा कोर्स करू दे. तिच्या लग्नात मिळालेला रेडिओ तिने मला उघडायला दिला होता. मी तो बिघडवला. तिने नवऱ्याला सांगितलं, माझ्याच हातून पडला. भावोजी जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन ठाण्यात गेली. कळव्याला दुसऱ्या मजल्यावर ताई एकटीच राहायची, आणि मजेत राहायची.

आता त्या तारेचं सांगतो. ताई त्या बिल्डिंगमध्ये राहायला गेली तेव्हा तिथे अर्थिंग असं नव्हतंच. भिंतीतल्या सॉकेटला तीन भोकं, पण वरचं मोठं भोक नुसतं नावाला. पाठी तारच नाही. तिने वॉशिंग मशीन घेतली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंग म्हणजे काय, तर करंट चुकून मशीनच्या पत्र्यावर आला तर त्याला माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जायला करून दिलेली वाट. मी काय केलं? त्या काळी आमच्या लाइनीत सगळे जे करायचे तेच. तांब्याची तार घेतली, पट्टी आवळली आणि नळाच्या लोखंडी पाइपला बांधली. पाइप खाली जमिनीत जातो, मग झालं की अर्थिंग. झिणझिण्या थांबल्या. ताई खूश.

मग शेजारीण आली, आमच्याकडे पण करून द्या. मग समोरचे. मग वरच्या मजल्यावरच्या काकू, त्यांनी नवीन गीझर घेतला होता. ताईचं धरून सहा घरांना मी एकाच पाइपवर तारा बांधून दिल्या. प्रत्येक घरात चहा आणि पोहे. ताई मिरवत होती मला घरोघर. चुकीचं आहे हे मला माहीत होतं का? पुस्तकात वाचलेलं होतं की पाण्याच्या पाइपवर भरवसा ठेवू नका. पण चालतंय ना, मग कशाला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. ताई जायच्या दोन वर्षं आधी बिल्डिंगचे खालचे पाइप गंजून फुटले. सोसायटीने पंपापासून पहिल्या मजल्यापर्यंत प्लॅस्टिकचे पाइप टाकले. टाकीजवळचेही बदलले. मधल्या मजल्यांवरचा लोखंडी पाइप चांगला होता म्हणून तसाच ठेवला. हे मला ताईनेच फोनवर सांगितलं. "आता पाणी कसं स्वच्छ येतं बघ, तांबूस नाही." मी म्हटलं, "बरं झालं."

बरं झालं! दुनियेला अक्कल शिकवणारा मी. वर प्लॅस्टिक, खाली प्लॅस्टिक, मधला लोखंडी पाइप अधांतरी लटकतोय, आणि त्याला माझ्या हातच्या सहा तारा बांधलेल्या. त्यातली एकही आता जमिनीला लागत नव्हती. सगळ्या फक्त एकमेकींना लागत होत्या. एका घरात काही बिघडलं तर करंट सगळ्या घरांच्या नळांना येणार. हे समजायला इंजिनियर लागत नाही. दोन मिनिटं डोकं चालवलं असतं तरी पुरे होतं, पण मी फोन ठेवला आणि कुणाचा तरी मिक्सर उघडून बसलो.

आता खंडेनवमी. आमच्या दुकानात ती नेमाने होते. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्यांची ही पद्धत. नवमीला सकाळी टेबल पुसायचं, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, मीटर, सोल्डरिंग गन सगळं स्वच्छ करून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, पेढा. आणि मग दसऱ्याच्या सकाळी परत पूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांना सुट्टी. माझी गिऱ्हाइकं हे जाणून असतात. त्या दिवशी कुणी आलं तर मी हात जोडतो, उद्या या. इतक्या वर्षांत मी एकदाही हा नेम मोडला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या खंडेनवमीला दुपारी जेवून जरा पडलो होतो. ताईचा फोन आला.

"अरे, स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतायत. जोरात नाही, पण येतायत."

"मशीन लावलीयस का?"

"आत्ताच लावली."

"मग मशीनचंच आहे. मोटरमध्ये ओल गेली असणार. प्लग काढून ठेव. आज हत्यारं पूजेत आहेत, उद्या येऊन बघतो."

"हो रे, विसरलेच मी. असू दे, उद्याच ये. नाहीतरी तुम्ही दोघं जेवायला येणारच आहात. मी बासुंदी करतेय."

दहा मिनिटांत परत फोन. आवाज नुसता हसरा. "गेल्या रे झिणझिण्या! प्लग काढला आणि गेल्या. आत्ता वरच्या काकू जिन्यात भेटल्या, त्यांनाही सांगितलं. म्हटलं, आमचा भाऊ ठाकुर्लीत लोळत लोळत कळव्याचा बिघाड काढतो."

मी हसलो. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

मला काय काय विचारायचं होतं ते ऐका. तिच्या घरात मी ट्रिप स्विच बसवला होता. करंट गळायला लागला की तो आपोआप पडतो. मशीनमधून करंट गळत असता तर तो पडायला हवा होता. पडला का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नाही पडला. मग माझ्या डोक्यात दिवा लागला असता की हा करंट ह्या घरातला नाहीच, बाहेरून कुठून तरी येतोय. तिच्या पायात चप्पल होती का हेही विचारलं नाही. होती, टाच दुखते म्हणून ती घरात रबरी चप्पल घालायची, म्हणून तर नुसत्या झिणझिण्यांवर भागलं. आणि प्लग काढल्यावर झिणझिण्या गेल्या त्या प्लगमुळे गेल्याच नव्हत्या. काकूंनी त्या दिवशी दुपारी उशिरा अंघोळ केली होती आणि त्याच सुमाराला गीझर बंद करून त्या खाली उतरल्या होत्या. हे सगळं मला नंतर कळलं.

संध्याकाळी मी मोकळाच होतो. हत्यारांना सुट्टी म्हणजे मलाही सुट्टी. बायको म्हणाली, टेंभी नाक्याला देवीला जाऊन येऊ. ठाकुर्लीहून ठाण्याला जाताना वाटेत कळवा लागतं. गाडी कळव्याला थांबली. बायको म्हणाली, "अहो, उतरूया का? ताईंनाही घेऊ बरोबर." मी म्हटलं, "नको, तिला गर्दी झेपत नाही. उद्या जायचंच आहे." गाडी सुटली. देवीचं दर्शन छान झालं. परत येताना गाडी परत कळव्याला थांबली.

दसऱ्याला सकाळी पूजा केली, हत्यारं उचलून पिशवीत भरली. आपट्याची पानं घेतली, तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. बायको साडी नेसत होती तेवढ्यात ताईच्या शेजाऱ्यांचा फोन आला. "लगेच या." दुसरं काही बोलेना तो माणूस.

घडलं ते असं. ताईने सणाची म्हणून पहाटेच फरशी पुसली होती. नैवेद्याचा स्वयंपाक, म्हणून अनवाणी. नळाखाली पातेलं धरलं, दुसऱ्या हाताने नळ सोडला. वर काकूंचा गीझर चालू होता. आदल्या दिवशी त्याची कॉइल जराशी तडकलेली असणार, सकाळपर्यंत पूर्ण फुटली. पातेलं पडल्याचा आवाज आला म्हणून शेजारी धावले. दाराला लॅच होतं, ते तोडण्यात वेळ गेला. धरायला गेले तर त्यांनाही झटका. तेव्हा कुणीतरी खाली पळत जाऊन मीटररूममधले सगळ्या बिल्डिंगचे मेन स्विच पाडले, आणि तिचा हात नळावरून सुटला. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. पिशवी माझ्या खांद्यावर होती. त्यात टेस्टर, मीटर, पक्कड, सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासाला वीज खात्याचे साहेब आले. मी बरोबर होतो, मयताचा भाऊ आणि त्यातलं कळणारा माणूस म्हणून. त्यांनी काकूंचा गीझर चालू करून खाली ताईच्या नळाला मीटर लावला. काटा सरळ वर गेला. मला त्या क्षणी सगळं कळलं. साहेबांनी पाइपला बांधलेल्या तारा बघितल्या आणि विचारलं, "हे कुणी केलंय?"

बिल्डिंगमधली बरीच माणसं आता नवीन. जुन्या काकू तेवढ्या तिथे उभ्या होत्या. सत्तरीच्या, एकट्या, बालवाडीत आया म्हणून रिटायर झालेल्या. त्यांच्या घरातली तार बांधल्यावर मी त्यांच्याच हातचे पोहे खाल्ले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"जुनं आहे साहेब," काकू म्हणाल्या. "कोण वायरमन होता, आता आठवत नाही."

मग कुणीतरी म्हणालं, इतका जुना गीझर वापरायचाच कशाला. दुसरं कुणी म्हणालं, घरात ट्रिप स्विच पण नाही ह्यांच्या. सगळे काकूंकडे बघायला लागले. एकाने मला विचारलं, "गीझरमुळेच ना हो?" आणि मी मान डोलावली.

तेराव्याला काकू खाली आल्या, हातात फुलांची पुडी. भाचीने दारातच अडवलं. "काकू, तुम्ही माझ्या दारात येऊ नका." त्या पुडी तशीच घेऊन वर गेल्या. मी आत सतरंजीवर बसलो होतो.

का नाही बोललो? लाज होती, भीती होती, हे तर आहेच. पण खरं कारण भाची होती. मला मूलबाळ नाही. ही पोर माझ्या खांद्यावर वाढली. आई गेल्यापासून दर रविवारी फोन करायची. "मामा, गोळ्या घेतल्यास का? मामा, आता माझं माहेर म्हणजे तूच." एकदा म्हणाली, "आईने तुला फोन केला असता ना, तर ती वाचली असती. तिने सांगितलंच नाही कुणाला." मी फोन कानाला धरून उभा. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हं." आणि मग प्रत्येक रविवारी ते सांगणं जास्त जास्त कठीण होत गेलं. दुकानातही मी गप्प झालो. कुणी फोनवर बिघाड विचारला की म्हणायचो, घेऊन या. कुणी अनवाणी उभं राहिलं तर ओरडायला तोंड उघडायचं आणि आवाज निघायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, सांगून टाका तिला, आत आत कुढून मराल." मी तिच्यावरच डाफरायचो.

आठ महिन्यांनी बिल्डिंगला जाग आली. रीतसर अर्थिंग करायचं ठरलं. आवारात खड्डा खणायचा, त्यात कोळसा आणि मीठ भरून तांब्याची पट्टी पुरायची, तिथून प्रत्येक घराला तार, प्रत्येक घरात ट्रिप स्विच. लायसनवाला माणूस त्यांनी बोलावला आणि मलाही बोलावलं, देखरेखीला. मी एकच काम मागून घेतलं. सगळे मेन पाडायला लावले, मीटरने तीनदा तपासलं, आणि नळाच्या पाइपवरच्या सहाही तारा मी माझ्या हाताने कापल्या. ताईच्या घरातली शेवटची. घर बंद होतं, किल्ली भाचीने पाठवली होती.

बाहेर आलो तर जिन्यात काकू बसलेल्या. वर जायला दम लागतो म्हणून मधेच बसतात.

"भाऊ, एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "मी गीझर काढून टाकला. थंड पाण्यानेच अंघोळ करते. पण मला सारखं वाटतं, मी काय केलं असतं म्हणजे ताई वाचल्या असत्या? तुम्हाला त्यातलं कळतं, म्हणून विचारते. मला तेवढं सांगा."

आठ महिने ही बाई हे उराशी धरून झोपत होती, आणि ते ओझं तिचं नव्हतंच. मी तिथेच पायरीवर बसलो आणि सांगितलं. तार मी बांधली आणि ताईने मला फोन केला होता, हे तिला माहीत होतं. बाकीचं सांगितलं. पाइप बदलल्यावर मी यायला हवं होतं. तार जमिनीला लागलेली असती तर गीझर फुटल्या फुटल्या फ्यूज उडाला असता, नळाला करंट आलाच नसता. ताईच्या फोनवर मी काही न मोजताच मशीनचं नाव घेतलं. मी उद्या म्हटलं. हे सगळं बोलून झाल्यावर मी पोरासारखा रडलो.

"माझं नाव तेव्हा सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तुमची बहीण गेलेली. त्यात अजून काय बोलायचं होतं?" काकू म्हणाल्या. मग बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या. "पण हे मला सांगून काय उपयोग, भाऊ? पोरीला सांगा."

मी तिथूनच ठाण्याला गेलो. घरी गेलो असतो तर परत गप्प बसलो असतो, मी ओळखतो स्वतःला.

भाची घरी एकटीच होती. किल्ली द्यायला आलो असं वाटलं तिला. पाणी आणलं, पंखा वाढवला. मी म्हटलं, बस. आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. माझं संपल्यावर तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, आवाज न चढवता.

"आईने फोन किती वाजता केला?"

"तीनच्या सुमाराला."

"तुला वेळ नव्हता?"

"होता. हत्यारं पूजेत होती."

"हत्यारं पूजेत होती, मामा. तू नव्हतास."

मी खिशातली किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली.

"तू यायला हवं होतंस असंही मी म्हणत नाही. फोनवर म्हणाला असतास, कुणी नळाला हात लावू नका, खाली जाऊन सगळे मेन पाडा. मेन पाडायला कुठलं हत्यार लागतं?"

"कुठलंच नाही."

"परक्या गिऱ्हाइकाने फोन केला असता तर हेच सांगितलं असतंस ना? झापून सांगितलं असतंस."

"हो."

"संध्याकाळी कुठे होतास?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "टेंभी नाक्याला," मी म्हटलं. "गाडी कळव्याला थांबली होती. जाताना आणि येताना."

तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. मी वाट बघत होतो त्याची.

"चूक झाली, ते मी समजू शकेन कधीतरी," ती म्हणाली. "तू काय मुद्दाम केलंस का? पण आठ महिने तू मला त्या म्हाताऱ्या बाईचा रागराग करू दिलास. ती फुलं घेऊन आली होती, मामा. मी तिला दारातून हाकललं, आणि तू आत बसला होतास."

मी म्हटलं, "मी येतो तुझ्याबरोबर काकूंकडे. तिथे सगळ्यांसमोर सांगतो."

"तू बिल्डिंगवाल्यांना सांग काय सांगायचं ते, आजच सांग. काकूंकडे मी एकटी जाईन." ती उठली, दार उघडलं आणि दाराला धरून उभी राहिली. "तू आत्ता जा. रविवारी फोन नाही आला तर वाट बघू नकोस."

मी चपला घातल्या. त्या संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मी सांगितलं, लेखी दिलं, पुढे जे व्हायचं ते होईल. रविवार आला, गेला. अजून तिचा फोन नाही.

पण मला आठवतो तो तिच्या इमारतीचा जिना. लिफ्टसाठी थांबवेना म्हणून मी जिन्याने उतरायला लागलो आणि मधल्याच एका मजल्यावर खाली बसलो. लहानपणी मी काही गाढवपणा केला की पहिला धावत ताईकडे जायचो. काच फोडली, नापास झालो, वडिलांची सायकल हरवली, सगळं आधी तिला सांगायचो. ती पाठीत धपाटा घालायची, "मेल्या, तुला अक्कल कधी येणार," म्हणायची, आणि मग ते कसं निस्तरायचं ते तीच बघायची. त्या पायरीवर बसून माझा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला होता. नंबर काढलासुद्धा होता मी तिचा. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कबूल करून आलो होतो, आणि ती सांगायला मला ताईच हवी होती.